पुढच्या दुकानात मिळेल

दीडेक वर्षापूर्वी एका रविवारी संध्याकाळी माझा घसा धरला. आवंढा गिळतानाही टोचत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिलीज, ओळखीचा दवाखाना बंद. आदल्या वर्षी अशाच दुखण्यावर डॉक्टरांनी सेफिक्झिम दिल्याचं आठवलं, म्हणून सोसायटीखालच्या मेडिकलमध्ये गेले आणि चार गोळ्या मागितल्या.

"चिठ्ठी?" काकांनी विचारलं.

"नाहीये. पण मागच्या वेळी हीच दिली होती."

"ताप आहे? सर्दी, खोकला?"

"सर्दी-खोकला आहे. ताप नाही."

"मग बहुतेक व्हायरल असेल. त्यावर या गोळीचा उपयोग नाही. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल घे. ताप चढला किंवा गिळताच येईना, तर डॉक्टरकडे जा. ही गोळी चिठ्ठीशिवाय मी देत नाही."

मी चिडून म्हणाले, "काका, पुढच्या दुकानात मिळेल."

"मिळेल," ते म्हणाले आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आणि खरंच मिळाली. काउंटरवरच्या मुलानं मोबाइलवरची नजर न हलवता स्ट्रिप कापली. एक्स्पायरी डेट उरलेल्या अर्ध्या तुकड्यावर राहिली. मागे भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं होतं. त्या फोटोतला माणूस मी त्या दुकानात कधीच पाहिला नव्हता.

नंतर कुतूहल म्हणून कायदा वाचला. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. सेफिक्झिम 'शेड्यूल एच-१'मध्ये येतं. ही यादी २०१४पासून लागू आहे. त्यातलं औषध विकताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. म्हणजे काका आडमुठेपणा करत नव्हते, ते त्यांचं काम करत होते.

तरीही एक प्रश्न डोक्यातून जाईना. काकांच्या नकारानं नेमकं काय बदललं? गोळ्या मी खाल्ल्याच. त्यांचं गिऱ्हाईक गेलं, शेजारच्याचा धंदा झाला. निकालावरूनच जोखायचं तर त्यांचा नकार फुकट गेला.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, पण अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. त्यांचा संसर्ग बायकोला होतो, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिनचा काही उपयोग न होऊन ती मरते. फ्लेमिंग दोष नवऱ्याला देतात. त्याला ते पेनिसिलिन कोणी विकलं, याबद्दल गोष्टीत काहीच नाही. जणू विकणारा नुसताच मधला हात होता, हा नाही तर दुसरा.

हा युक्तिवाद माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, कारण मी तो वापरलाय. आधीच्या नोकरीत आम्ही औषधं घरपोच देणारं ॲप बनवत होतो. एक दिवस काम आलं: प्रिस्क्रिप्शन अपलोड केलं नसलं तरी ऑर्डर पुढे जाऊ द्यायची. 'माझ्याकडे प्रिस्क्रिप्शन आहे' या चौकटीत टिक केली की पुरे. मी मीटिंगमध्ये विचारलं, "हे चालतं का?" उत्तर आलं, "बाकीची ॲप्स करतातच." म्हणजे पुढच्या दुकानात मिळतंच. मीही मनात म्हटलं, मी नाही लिहिलं तर टीममधलं दुसरं कोणी लिहील. दीड दिवसात काम संपवलं.

आता वाटतं, या युक्तिवादात एक गोम आहे. तो प्रत्येक दुकानात खरा ठरतो, पण प्रत्येक जण त्यावर विश्वास ठेवतो म्हणूनच. पुढचं दुकान असं वेगळं कुठे नसतंच. प्रत्येक दुकान कोणाच्या तरी आधीच्या दुकानाचं पुढचं दुकान असतं. गल्लीतल्या सगळ्या दुकानांना काका कुलूप लावू शकत नव्हते. आपलं दुकान तसं होऊ न देणं एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी केलं.

याला दुसरी बाजूही आहे. मला डॉक्टरची फी परवडते. ज्याला दवाखान्यात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, त्याला 'चिठ्ठी आणा' हे दार बंद केल्यासारखं वाटू शकतं. म्हणून त्या संध्याकाळचा नुसता नकार मला पुरेसा वाटत नाही. काकांनी आधी तीन प्रश्न विचारले, काय करायचं ते सांगितलं आणि डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगितलं. त्या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. नियम रजिस्टर ठेवायला लावतो. समोरच्या माणसाचा घसा खरंच किती दुखतोय हे विचारायला माणूस लागतो. माझी टिकची चौकट काहीच विचारत नाही. हजारो लोकांना ती एकच उत्तर देते: हो.

फार्मासिस्टची निदान कुठेतरी नोंदणी असते, ती जाऊही शकते. मला कोड लिहायला कोणतंच लायसन्स लागत नाही. भिंतीवर माझा फोटो नाही. त्यामुळे मी कुठे नाही म्हणायचं, हे विचारणारंही कोणी नाही.

मागच्या महिन्यात आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला काकांकडे गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. "चिठ्ठी?" त्यांनी विचारलं. मी दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, स्ट्रिपवरचं नाव आणि पॉवर चिठ्ठीशी ताडून पाहिली आणि मगच गोळ्या पिशवीत घातल्या.

ती नोकरी मी सोडली, पण पगार जास्त मिळाला म्हणून. ॲप अजून माझ्या फोनवर आहे. परवा उघडून पाहिलं. ती चौकट तिथेच आहे.