माशीचे पाप कोणाच्या माथी?

धर्मचर्चेच्या पानांवर माशीचा विषय काढणे कित्येक वाचकांना औचित्यभंगाचे वाटेल. आत्मा, कर्म, मोक्ष यांचा ऊहापोह जेथे व्हावयाचा, तेथे कोंबड्यांच्या खुराड्याला आणि त्याभोवती घोंघावणाऱ्या माश्यांना स्थान कोठले? परंतु धर्माचे प्रश्न माणसापुढे बहुधा मोठे रूप घेऊन उभे राहत नाहीत. ते परसदारी येऊन थांबतात, आणि आपण त्यांना ओळखीत नाही. असा एक प्रश्न गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे आला, आणि तो माझ्याच परसातून आला.

पेडणे तालुक्यातील आमच्या घरामागे माझ्या आईने दहा-बारा गावठी कोंबड्या पाळल्या आहेत. पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, हे दृश्य नवलाचे नाही. घरच्या अंड्यांसाठी, आल्यागेल्या पाहुण्यासाठी, वर्षाकाठी राखणदाराला द्यावयाच्या मानासाठी कित्येक घरांत कोंबड्या असतात. आमचे खुराडे शेजाऱ्यांच्या गडग्याला लागून होते. तेथे ते कोणी आणि का बांधले, हे आता कोणालाच आठवत नाही. सोयीचे म्हणून बांधले असावे. अर्थात आमच्या सोयीचे.

ग्रामदेवतेच्या नैवेद्याची पाळी त्या आठवड्यात शेजारच्या घराकडे होती. त्या घरचे वयोवृद्ध गृहस्थ एके सायंकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. पावसाच्या, शेताच्या गोष्टी झाल्या. उठता उठता ते म्हणाले, "बाब, हालीं नैवेद्य खीणभर उक्तो दवरूंक मेळना." माश्या कोणाच्या, हे त्यांनी सांगितले नाही, मलाही ते विचारावे लागले नाही. अशाच तक्रारींवरून लोकांना नोटिसा धाडण्याचे काम मी दीड तपाहून अधिक काळ करीत आलो आहे. त्या नोटिशीतील आरोपी होण्याचा प्रसंग मात्र प्रथमच आला होता.

मी जे केले ते आपल्यापैकी बहुतेकांनी केले असते. बाजारातून विषारी फवारा आणला, गोड आमिषाची विषारी पूड आणली, आणि खुराड्याभोवती त्यांचा सढळ हाताने उपयोग केला. तीन दिवस शांतता झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याच्या खांबापाशी दोन पाली मरून पडलेल्या दिसल्या, त्या मी पायाने बाजूला सारल्या. आठव्या दिवशी माश्या पूर्वीइतक्याच होत्या. मी पुन्हा डबा हाती घेतलेला पाहून आई म्हणाली, "मुसांक मारून कितें? त्यो जल्मतात खंय तें पळय."

त्यानंतर मी खुराड्याखाली वाकून पाहिले. इतक्या वर्षांत मी तसे कधी केले नव्हते. पाण्याचे मडके पाझरत होते, छपराच्या एका कौलातून पागोळी नेमकी आत पडत होती, आणि त्या ओलीत कोंबड्यांच्या विष्ठेचा चिखल झाला होता. काठीने वरचा थर उचकटला तेव्हा खाली पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या.

माशीचे जीवनचक्र साधे आहे. मादी एका वेळी शंभर-सव्वाशे आणि आयुष्यात सुमारे पाचशे अंडी घालते. ती बहुधा एका दिवसात फुटतात. अळी काही दिवस त्या ओल्या घाणीवर पोसते, मग कोरड्या जागी सरकून कोशात जाते, आणि आपल्याकडील उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत नवी माशी बाहेर पडते. या साऱ्याला एक अट आहे, ओलाव्याची. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणीच असते. ती लवकर वाळली तर अळी तेथे जगू शकत नाही. आमच्या गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा ती आपोआप वाळण्याचा प्रश्नच नसतो. फवाऱ्याने उडती माशी मरते, पण खालची अंडी, अळ्या आणि कोश बहुतांशी सुखरूप राहतात. मी मारीत होतो ती कालची माशी होती. आठवड्यानंतरची माशी माझ्याच छपराखाली वाढत होती.

विषाचा इतिहासही हेच सांगतो. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ साली उघडकीस आला आणि त्यासाठी पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ते पारितोषिक मिळण्यापूर्वीच स्वीडन आणि इटली या देशांत त्या विषाला न जुमानणाऱ्या माश्या आढळू लागल्या होत्या. दुबळ्या माश्या मेल्या, चिवट उरल्या, आणि पुढली प्रजा चिवटांची झाली. घाण तशीच ठेवून विषाची मात्रा वाढवीत जाणे म्हणजे शत्रूला आपणच तालीम देणे होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माशी मारणे ही हिंसा आहे काय? जीव आहे, तो आपण घेतो, तेव्हा हिंसा नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या स्मृतिकारांनी तो अप्रामाणिकपणा केलेला नाही. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने आहेत, असे मनुस्मृती सांगते. त्यांनाच पंचसूना म्हणतात. ज्याला घर चालवावयाचे आहे त्याच्या हातून रोज नकळत जीव मरणारच. म्हणून त्याने घर सोडून पळावे असे स्मृती म्हणत नाही. रोजची पाच यज्ञकर्मे करून त्याने त्या ऋणाची फेड करावी, असे ती म्हणते. त्या पाचांत भूतयज्ञ आहे, आणि त्यातील बळीचा वाटा कावळ्या-कुत्र्यांबरोबर किडामुंगीलाही आहे. ज्या हाताने केरसुणी फिरवावयाची त्याच हाताने किड्यांसाठी घास ठेवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. किड्याचे जगणे तिला मान्य आहे. पण त्या जगण्याची जागा शेजाऱ्याच्या पानावर नव्हे.

महाभारतातील मांडव्य ऋषींची कथा या संदर्भात मला नेहमी आठवते. चोरांनी आश्रमात दडविलेल्या मालामुळे या निरपराध मौनव्रती तपस्व्याला राजाने सुळावर चढविले. पुढे त्यांनी धर्मराजाला जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळाले की बालपणी आपण उडत्या किड्यांच्या अंगात गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा अन्यायाची आहे असे ठरवून मांडव्यांनी चौदा वर्षे वयापर्यंतचे कृत्य पाप गणू नये अशी मर्यादा घातली, आणि प्रत्यक्ष धर्मालाच शाप दिला. त्या शापाने तो विदुराच्या रूपाने मनुष्यजन्माला आला. अपराध आणि शिक्षा यांचे प्रमाण राखावे, हे तत्त्व सांगणारी ही कथा वकिलाला प्रिय वाटावी यात नवल नाही. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. मांडव्यांनी शिक्षेचे प्रमाण नाकारले. काडी खुपसणे योग्य होते, असे ते म्हणाले नाहीत. गरजेने मारणे आणि गंमत म्हणून छळणे यांतील अंतर कथेने पुसलेले नाही. आज घरोघरी विजेच्या जाळीच्या रॅकेटी आल्या आहेत. माशी जळताना होणाऱ्या चटचट आवाजाला मुले हसतात, आणि आपणही त्यांच्याबरोबर हसतो. त्या हसण्याचा माझ्या मते माशीच्या मरणापेक्षा अधिक विचार व्हावयास हवा.

माझ्या व्यवसायातील एक गोष्ट येथे उपयोगी पडेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमात सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. जुन्या दंडसंहितेच्या २६८ व्या कलमात ती अशीच होती. परिसरात राहणाऱ्यांना इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य करणारा तर दोषी आहेच. पण कायद्याने जे करावयास हवे होते ते न केल्यामुळे तसा त्रास झाला, तर न करणाराही दोषी आहे. शिवाय त्या उपद्रवापासून कोणाची थोडी सोय होते, ही सबब कायदा ऐकून घेत नाही. हे कलम मी न्यायालयात किती वेळा वाचून दाखविले असेल! त्यातील 'न करणारा' हा शब्द मला स्वतःला लागू पडतो, हे मला पाझरणाऱ्या मडक्याने शिकविले.

माझे म्हणणे आता थोडक्यात सांगता येईल. माशीच्या बाबतीत खरे पाप मारण्याच्या क्षणी घडत नाही, ते त्याच्या आठ दिवस आधी घडलेले असते. ज्याने घाण साठू दिली त्याने हजारो जीव मरणासाठीच जन्माला घातले, शेजाऱ्याच्या अन्नावर रोग पाठविला, आणि मग विष फवारून आपण स्वच्छतेचे काम केले असे समाधान मानले. माशीला घन अन्न खाता येत नाही; पदार्थावर लाळ टाकून, तो विरघळवून ती शोषून घेते, आणि विष्ठेवरून आलेल्या तिच्या पायांबरोबर हगवणीचे व विषमज्वराचे जंतू पानावर येऊ शकतात. म्हणजे या हिंसेचे बळी केवळ माश्या नव्हेत. अहिंसा म्हणजे उगारलेला हात आवरणे एवढेच आपण समजतो. हात उगारण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी वाकून साफसफाई करणे, ही अहिंसेची पहिली पायरी आहे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर दिवसा गावाचे रस्ते झाडले आणि रात्री कीर्तनातून जत्रेतील पशुबळीचा निषेध केला. ही दोन निराळी कामे आहेत असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, घाण काढतानाही अळ्या मरतातच ना? मरतात. उकिरड्याच्या उष्णतेने मरतात, कोंबड्या वेचून खातात त्याही मरतात. निष्कलंक राहण्याचा मार्ग गृहस्थाला मोकळा नाही. पंचसूनेचा अर्थच तो आहे. पण हजारांचा संहार आणि शेकड्यांचा नाश यांत फरक आहे, आणि तो फरक करणे आपल्या हाती आहे. दुसरेही एक सांगावयास हवे. कोंबडीवर संसार चालविणाऱ्या गरीब बाईच्या खुराड्याविरुद्ध जेव्हा अर्ज येतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा वाटेचा किंवा गडग्याचा जुना तंटा असतो, माशी हे निमित्त असते. तिला नोटीस धाडण्यापूर्वी चार पाट्या भाताचे तूस नेऊन द्यावे, असे मी आता पक्षकाराला सांगतो. काही जण ऐकतात.

आम्ही खुराडे गडग्यापासून दूर, माडाच्या बाजूला हलविले. जमीन उंच करून त्यावर तुसाचा आणि राखेचा थर पसरला, कौल बदलले, मडके बदलले. दर तिसऱ्या दिवशी विष्ठा उचलून झाकलेल्या खड्ड्यात टाकतो. कुजल्यावर ते उत्तम खत होते, आणि माडाला ते मानवते. माश्या समूळ गेल्या असे नाही. संततधार लागली की थोड्या दिसतात, आणि तेव्हा तूस दुप्पट घालावे लागते. हे काम गड्यावर सोपवावे असे मला पहिल्या आठवड्यात वाटले होते. आईने नुसते माझ्याकडे पाहिले.

शेजाऱ्यांच्या घराकडे नैवेद्याची पाळी पुन्हा येऊन गेली. ते याविषयी काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. एकादशी माझ्याकडून कधीमधी चुकते. हा तिसरा दिवस मात्र चुकविण्याचे धैर्य मला होत नाही.