मिस्त्रीचा मेगर

म्हसवडहून दहिवडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला मोटार वायंडिंगचं दुकान होतं. ते चालवणाऱ्याला सगळा भाग मिस्त्री म्हणायचा. होळी झाली की विहिरींनी तळ गाठायचा, वीज कमी दाबानं यायची आणि मोटारी जळायच्या, हा माण तालुक्यातला वर्षानुवर्षांचा क्रम. मार्च ते जून दुकानापुढं मोटारींची रांग लागे. आणणारा शेतकरी बहुतेक वेळा एकच वाक्य बोले, "मिस्त्री, बाहेरनं तर काय झाल्यालं दिसत न्हाई."

मिस्त्री वाद घालत नसे. तो मेगर, म्हणजे तारेवरचं वेष्टण तपासायचं यंत्र, काढायचा, एक वायर टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावायचा, दांडा फिरवायचा. काटा शून्यावर आला की म्हणायचा, "बघ. आतल्या तारेवरचं वार्निश गेलंय. रंग बघून मोटार कळत न्हाई." शेतकरी मान हलवून मोटार ठेवून जायचा. मिस्त्रीच्या शब्दावर कुणी शंका घेतली, असं त्या भागात कधी झालं नव्हतं.

त्याची बायको तिशीतली. पहाटे उठून गोठा, पाणी, भाकरी उरकायची आणि मग खुरपायला जायची. एका सुगीत तिला उजव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं. डोळा फिरवला की आतून दुखे. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या डाव्या डोळ्यानं लालभडक आणि उजव्या डोळ्यानं विटलेल्या दिसतात, हे तिनं एक-एक डोळा झाकून पुन्हा पुन्हा पाहिलं. सासूनं पापणीवर तुपाचं बोट फिरवलं. महिन्याभरात नजर परत आली, तुपाचा गुण आला असं ठरलं आणि विषय मिटला.

पुढं २०१८ चा उन्हाळा आला. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी माणातली गावंच्या गावं डोंगरावर चर खणायला निघाली होती. त्याच वर्षी तालुक्यातल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. मिस्त्रीची बायकोही टिकाव-पाटी घेऊन पहाटे जायची. गारव्यात तिचा टिकाव असा चाले की बापे बघत राहायचे. ऊन चढलं की मात्र पाय जड व्हायचे, पाऊल फरफटायचं, बऱ्या झालेल्या डोळ्यापुढं पुन्हा धुकं यायचं. कमरेभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायचं. बाभळीखाली डोक्यावर ओला पदर घेऊन तासभर बसली की पाय पुन्हा जाग्यावर.

नेमकं हेच तिच्या मुळावर आलं. कायमची अंथरुणाला खिळली असती, तर लोकांनी दुखणं मानलं असतं. पण सकाळी धडधाकट, दुपारी लुळी आणि संध्याकाळी पुन्हा चालती, असं दुखणं कुणी पाहिलंच नव्हतं. बाया एकमेकींत बोलायला लागल्या, "कामाच्या वक्तालाच बरं हिला येतंय!" एकीनं तोंडावर सुनावलं, "आपल्या मोहीची ललिता बाबर ऑलिम्पिकला पळून आली, आन् तुला ताल चढवंना?" सासूनं देवऋष्याकडून लिंबू आणलं. मिस्त्रीनं रक्त-लघवी तपासून घेतली. सगळं बरोबर निघालं, तेव्हा कागदाची घडी घालत तो म्हणाला, "रिपोर्ट क्लिअर हायत. तुझ्या मनाचं हाय सगळं."

माणात विहिरीची फुटं मोजतात, चाऱ्याच्या पेंढ्या मोजतात, पावसाचा थेंब न् थेंब मोजतात. बाईच्या थकण्याचं माप मात्र कुठल्याच घरात नसतं. ती थकली म्हणाली तर कामचुकार ठरते, आणि गप्प राहिली तर सगळं ठीक आहे असं धरून चालतात. मिस्त्रीच्या बायकोनं दुसरा रस्ता धरला. दोन वर्षं ती गप्प राहिली.

मग एका मे महिन्यात ती दुपारी दुकानावर डबा घेऊन आली. फाट्यापर्यंतच्या वाटेनं पाय गेलेच होते. ती खांबाला टेकून खाली बसली. आत एक शेतकरी हमरीतुमरीवर आला होता. "मिस्त्री, तुम्ही भरून दिल्याली मोटार सकाळी झ्याक चालती, आन् बारा वाजलं की बंद. पुन्हा सांजच्याला चालू!"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "कुठंतरी वार्निश पातळ ऱ्हायलंय. थंड असताना ते धरतं. मोटार तापली की करंट लीक होतोय, मग स्टार्टर पडतोय. गार झाली की पुन्हा चालू. ह्यात मोटारीची काय चूक न्हाई, आन् तुझीबी न्हाई."

खांबाकडून आवाज आला, "मग त्या मोटारीला नाटकी का म्हणत न्हाई तुम्ही?"

शेतकरी काही न कळून दोघांकडं बघत राहिला. मिस्त्रीच्या हातातला पान्हा हातातच राहिला. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती रागात नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

त्या रात्री मिस्त्रीनं तिला पहिल्यांदा विचारलं, कधी होतं, कुठून सुरू होतं, किती वेळ राहतं, कशानं कमी होतं. मोटार आणणाऱ्याला हे सगळे प्रश्न तो रोज विचारत असे. ती बोलत गेली, तो बिलबुकाच्या मागं लिहीत गेला. डोळा, मिरच्या, पट्टा, ऊन, ओला पदर. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं, हेही तिनं त्या रात्रीच सांगितलं. असं कुणाला सांगावं, हेच तिला आजवर कळलं नव्हतं.

तो कागद घेऊन दोघं फलटणमार्गे एसटीनं पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडं गेली. डॉक्टरांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं? निम्मं निदान यातच आहे." मग मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं गेलं, आणि आजाराला नाव मिळालं: मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस.

डॉक्टरांनी एमआरआयवरचे पांढरे ठिपके दाखवत समजावलं. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या वेष्टणावर हल्ला करते. जिथं वेष्टण गेलं तिथून संदेश नीट जात नाहीत. ठिपका डोळ्याच्या नसेवर आला तर नजर, मणक्यात आला तर पाय, कंबर, लघवीवरचा ताबा. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं स्पष्ट वर्णन केलं. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. स्पर्शानं तो पसरत नाही. आपल्याकडं तो फारसा नसतोच अशी समजूत कितीतरी वर्षं होती. एमआरआय यंत्रं वाढत गेली तसे रुग्णही सापडत गेले.

"म्हणजे वार्निश गेलंय," मिस्त्री म्हणाला.

"अगदी तेच."

"आन् उन्हानं?"

डॉक्टरांनी सांगितलं, उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये श्रमानंतर नजर तेवढ्यापुरती अधू होते असं लिहून ठेवलंय; त्यामागं अंग तापणं आहे, हे नंतर कळलं. वेष्टण गेलेल्या नसेला अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलेलंही सोसत नाही. एमआरआय नव्हता तेव्हा डॉक्टर संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून बघत, आणि नजर किंवा पाय अधू झाले की निदान करत. "तुमच्या गावचं ऊन म्हणजे तोच टब. पण एक लक्षात घ्या, उन्हानं आलेला अधूपणा अंग गार झालं की जातो, त्यानं नवीन इजा होत नाही. नवा त्रास मात्र दिवसभराहून जास्त राहिला तर थांबायचं नाही, लगेच यायचं."

मिस्त्रीनं मनातला प्रश्न विचारला, "मग भरता येती का ही?"

डॉक्टर क्षणभर थांबले. "गेलेलं वेष्टण पूर्ण परत आणणारं औषध अजून नाही. पण पुढचं जळणं पुष्कळ रोखता येतं. जेवढ्या लवकर सुरू करू तेवढं जास्त वाचतं."

मिस्त्रीनं मान खाली घातली. तुपाच्या बोटापासून आजपर्यंत किती महिने गेले, हा हिशेब त्याला कुणी करून द्यावा लागला नाही.

झटक्यासाठी स्टिरॉइडची सलाइन पाच दिवस लागली. पुढं आजार रोखणारं औषध सुरू झालं. ते महागाचं होतं. दुकानाची शिल्लक आणि तिच्या बचत गटाचं कर्ज दोन्ही त्यात गेलं. त्याच दवाखान्यात त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचा पत्ता मिळाला. १९८५ पासून ही संस्था एमएस असलेल्या माणसांसाठी काम करते, पुण्यातही तिची शाखा आहे. तिथल्या भेटीत कुणी व्हीलचेअरवर होतं, कुणी काठी घेऊन, आणि एक कॉलेजातली मुलगी तरातरा चालत येऊन शेजारी बसली. "मलाही तेच आहे," ती म्हणाली. मिस्त्रीची बायको त्या मुलीकडं पाहत राहिली, मग तिचा हात धरून रडली. सोबत रडायला माणूस मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि गावाकडच्या रोग्याला नेमका तोच मिळत नाही.

तिथूनच त्यांना पुढच्या बातम्या कळत राहिल्या. २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एक कोटीवर माणसांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं की एपस्टाइन-बार या अगदी सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढतो. लागण जवळजवळ सगळ्यांनाच होते आणि एमएस फार थोड्यांना, त्यामुळं सगळं कोडं सुटलेलं नाही. पण कुणाच्या नजरेचा किंवा करणीचा इथं संबंध नाही, एवढं सासूलाही पटलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एमएसवरची तीन औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्यातलं रिटुक्सिमॅब भारतात तयार होतं.

घरातलं वेळापत्रक बदललं. शेतातलं काम सूर्य वर यायच्या आत. दुपार घरात, ओलं फडकं मानेवर. मिस्त्री कॉइल गुंडाळायला बसला की ती शेजारी बसून वेढे मोजायची, कारण त्याचा आकडा गिऱ्हाइकाशी बोलताना हमखास चुकायचा. सगळ्यात जास्त बदलली सासू. सुनेचा दिवस कसा चाललाय, हे तिला पावलाच्या आवाजावरून कळायला लागलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलती मिळतात. अडचण अशी की टक्के तपासणीच्या दिवशी मोजले जातात, आणि हा आजार रोज वेगळा असतो. मिस्त्री, बायको आणि सासू तिघं अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सून आपल्या पायांनी चालत रांगेत आली. टेबलामागच्या माणसानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालत आल्यात की. ह्यांना काय झालंय?"

सून काही बोलायच्या आत सासू पुढं झाली. फाइल टेबलावर ठेवली, एमआरआयची फिल्म वर काढली.

"साहेब, सकाळचं चालतीच ती. मीबी तुमच्यावानीच म्हणत हुते, दोन वर्सं म्हणत हुते. तुम्ही दुपारी दोनला बघा. आम्ही हितंच बसतो, घाई न्हाई."

आणि ती खरंच बसली, बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली, सुनेला सावलीच्या बाजूला घेऊन. पत्रा तापत गेला. दीडच्या सुमाराला आतून एक डॉक्टर फाइल वाचत बाहेर आले. सुनेला उठायला सांगितलं, चार पावलं टाकायला सांगितली. तिसऱ्या पावलाला तिनं सासूचा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, "आत घेऊन या यांना. खुर्ची आणा रे कुणीतरी."

मिस्त्री बायकोला घेऊन आत गेला. मागं राहिलेल्या सासूजवळ रांगेतली एक म्हातारी सरकली. आटपाडीकडची होती. लेकीला सासरच्यांनी परत पाठवलंय, म्हणाली. काम सांगितलं की पाय गेल्याचं सोंग करती म्हणत्यात. डॉक्टर म्हणतोय काय न्हाई.

सासूनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली, म्हातारीला शेजारी जागा केली.

"मला एक सांगा बाई," ती म्हणाली, "तिला कधी एका डोळ्यानं फिकं दिसलं हुतं का?"