पुरावा आणि संहिता

प्रकट झालेली संहिता कर्त्याच्या हेतूच्या स्वाधीन राहत नाही, हा समीक्षेला परिचित असलेला सिद्धान्त न्यायालयात वेगळीच धार धारण करतो. १५ ऑगस्ट २०१७ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातील महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध अटकेचे वॉरंट काढले. बेनगाझी परिसरातील सात घटनांत ३३ जणांच्या हत्येचा आरोप होता. त्याचा मोठा आधार समाजमाध्यमांवर प्रसृत झालेल्या चित्रफितींचा होता. मिरवण्यासाठी दाखविलेले दृश्य मिरवणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागले.

त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातील युद्धाच्या असंख्य चित्रफिती काढल्या गेल्या. (सभ्यतेच्या रक्षणार्थ साक्षच पुसली गेली!) तेव्हा सर्व काही जपावे, हे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. पण जपणे म्हणजे काय? भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते. ते प्रतीची अविकृतता सांगते, आशयाची सत्यता नव्हे. शुद्ध प्रतीतही खोटा मजकूर असू शकतो, हे पाठचिकित्सकाला सांगावयास नको.

शिवाय त्या दृश्यात गुडघे टेकून बसलेल्यांचे काय? आपला अखेरचा क्षण संग्रहात कायम राहावा, यास त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. अल-वेरफल्ली २०२१ मध्ये मारला गेला. खटला उभाच राहिला नाही. आता त्या चित्रफितींवर प्रथम अधिकार कोणाचा, न्यायालयाचा की मृतांच्या आप्तांचा, हा प्रश्न कार्यवाही संपल्यानेच अधिक बिकट झाला आहे.