गोरोबाकाकांचं थापटणं

तेरच्या गोरोबाकाकांची ती गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. संतमेळा जमलेला. यातली भाजलेली मडकी किती नि कच्ची किती, ते बघा, असं मुक्ताईनं सुचवलं. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल तिथंच लागला: हे मडकं कच्चं.

कुंभार पारख करायला मडकं फोडत नाही, नाद ऐकतो. कृष्णविवरालाही असा नाद असतो, हे १९७० मध्ये बेंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी गणितानं दाखवलं. धक्का बसला की ते ठरावीक सुरात घणघणतं आणि लगेच शांत होतं. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की हा सूर गुरुत्वीय लहरींतून आपल्यापर्यंत येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या ‘लायगो’ वेधशाळांनी टिपलेल्या पहिल्या लहरीत तो २५० हर्ट्झच्या आसपास होता आणि जेमतेम काही मिलिसेकंद टिकला.

आइनस्टाइनचा सिद्धांत सांगतो की हे सगळे सूर दोनच गोष्टींवर ठरतात, वस्तुमान आणि गिरकी. एका सुरावरून ती दोन्ही काढली की पुढचा सूर कोणता असणार, हे आधीच सांगता येतं. तो चुकला, तर कृष्णविवराभोवती आजवर कुणालाच न सापडलेलं एखादं मूलभूत क्षेत्र असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. १४ जानेवारी २०२५ ला फार स्वच्छ लहर हाती आली. सूर तपासले. जुळले! आइनस्टाइन पुन्हा पास, आणि माझ्या मते बरेच शास्त्रज्ञ मनातून जरा खट्टू. त्यांना कच्चं मडकंच हवंय. नवं काही शिकायला मिळेल ते त्यातूनच.

नामदेवांचंही तेच झालं. कच्चे ठरले म्हणून ते विसोबा खेचरांकडे शिकायला औंढा नागनाथला गेले, असं सांगतात. त्याच औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्यात, ‘लायगो-इंडिया’ उभी राहणार आहे: चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेला सुमारे २,६०० कोटींचा खर्च. जागा निवडताना विसोबांना कुणी विचारलं नसणार. जमिनीची थरथर कमी, हे पाहिलं. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना तिची जोड मिळाली की लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली, तेही अधिक नेमकं कळेल.