ऐकणाऱ्याचं काय?

‘ग्रामीण मुलांना येत सगळं असतं, कमी पडतो तो फक्त कॉन्फिडन्स.’ ऑनलाइन स्पोकन इंग्लिशच्या जाहिरातींत हे वाक्य असतं, प्लेसमेंटच्या भाषणांतही असतं. मध्यंतरी एका परिसंवादात एका प्रशिक्षकांनी ते उच्चारलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला या वाक्याचा राग येतो. वरवर ते मुलांचं कौतुक वाटतं, पण सगळा दोष त्यांच्या छातीत नेऊन ठेवतं. दोष तिथे ठरला की औषध विकणं सोपं होतं: तीस दिवसांचा कोर्स, आरशासमोरचा सराव, रोज सकाळी मोबाइलवर येणारं प्रेरणेचं वाक्य.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ अवसरी खुर्दला 2009 साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झालं. गावात शासकीय तंत्रनिकेतनही आहे. अशा ठिकाणी शिकणारी कितीतरी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतून किंवा सेमी इंग्रजीतून आलेली असतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, म्हणजे आजच्या मुलाने बारा वर्षं हा विषय घेतलेला आहे. या बारा वर्षांत त्याला इंग्रजीतून असा एक तरी प्रश्न कुणी विचारला का, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक नव्हतं? माझं सगळं भांडण या प्रश्नापाशी आहे.

मराठी माध्यमाच्या कैवाऱ्यांशीही माझं भांडण आहे. 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मराठीतून अभियांत्रिकीला परवानगी दिली तेव्हा प्रश्न सुटल्यासारखं बोललं गेलं. मराठीतून शिकण्याचा हक्क मला मोलाचा वाटतो, पण नोकरीची मुलाखत अजून इंग्रजीतच होते. ज्यांचं नाव पुणे विद्यापीठाला दिलं त्या सावित्रीबाईंनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका असं शूद्रातिशूद्रांना कळकळीने सांगितलं होतं. ते सांगणं जुनं झालेलं नाही.

आता आत्मविश्वासाकडे येतो. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 साली सापाला अतोनात घाबरणाऱ्या प्रौढांवर प्रयोग केला. काहींना फक्त दुसऱ्याने अजगर हाताळलेला दाखवला. काहींना सोबत घेऊन, टप्प्याटप्प्याने, स्वतः हाताळायला लावला. ज्यांनी हात लावला त्यांचा भरवसा सर्वांत जास्त वाढला आणि पुढे वेगळ्या जातीच्या सापासमोरही तो टिकला. आपल्याला जमेल हा विश्वास कुठून येतो, याचे बंडुरांनी चार झरे सांगितले: स्वतः केलेली गोष्ट, आपल्यासारख्याने केलेली पाहणं, दुसऱ्याचं सांगणं आणि शरीराची अवस्था. यांत नुसतं सांगणं दुबळं, करून पाहणं बळकट. स्पोकन इंग्लिशच्या धंद्याने नेमका दुबळा झरा उचलून त्यालाच मोटिव्हेशन म्हटलं. कॅमेरा बंद, माइक म्यूट, शंभर मुलं आणि एकटे बोलणारे सर. त्या तासाला ज्याचा सराव होतो तो सरांचाच.

इथवर बंडुरा पुरतात. मग उपाय सरळ दिसतो: मुलांना बोलू द्या, खोलीत, एकट्याने, ॲपशी. आणि ॲपचा उपयोग आहेच. लाजाळू मुलीला पहिली वीस वाक्यं कुणाच्या नजरेशिवाय बोलता येणं ही मोठी सोय आहे. पण साप माणसाला हसत नाही. तो उच्चारावरून गाव ओळखत नाही, ‘व्हर्नाक्युलर’ म्हणून बाजूला काढत नाही. इंग्रजीची भीती सापाच्या भीतीसारखी फक्त घाबरणाऱ्याच्या मनात नसते, तिचा मोठा भाग समोरच्याच्या चेहऱ्यावर असतो. हे ध्यानात आलं की बंडुरांना सोडून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक बॉनी नॉर्टन यांच्याकडे जावं लागतं.

नॉर्टन यांनी कॅनडात स्थायिक झालेल्या पाच स्त्रियांचा अभ्यास केला आणि 1995 साली मांडलं की शिकण्याची इच्छा भरपूर असूनही माणूस गप्प राहतो, कारण बोलण्याचा हक्क त्याला सहजी दिला जात नाही. त्यांतली मार्टिना (हे अभ्यासातलं टोपणनाव) पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातून आलेली. फोनवर बोलायची तिला धास्ती. पण घरमालक वर्षभराचं भाडं मागू लागला तेव्हा ती त्याच्याशी तासाभराहून जास्त फोनवर भांडली. इंग्रजी क्रियापदांच्या काळांचे नियम त्या वेळी तिच्या मनातही आले नाहीत. घराचा प्रश्न होता.

याचंच रूप मी ऑनलाइन सराव-मुलाखतीत पाहिलं. आंबेगावातलाच विद्यार्थी. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला पाठ केलेली तीन वाक्यं झाली आणि तो थांबला. मग पुण्यातल्या इंजिनिअरने प्रकल्पाबद्दल विचारलं. त्याने विहिरीच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवला होता. थ्री फेज वीज रात्रीची, उसात बिबट्या, वडिलांनी पाण्याला जायचं कसं? ‘मग टायमर का नाही लावला?’ या प्रश्नावर मुलगा खुर्चीतून पुढे सरकला. वीज वेळेवर येत नाही, मध्येच एखादा फेज जातो, मोटार जळते, टायमरला हे कळत नाही. ‘फेज गोइंग, देन मोटर बर्निंग’, असं तो बोलत होता. इंजिनिअर वहीत लिहून घेत होते आणि पुढचा प्रश्न विचारत होते. त्यांना खरंच माहिती हवी होती.

आत्मविश्वास आधी आणि बोलणं मागून, हा क्रमच मला आता मान्य नाही. जुन्नर-आंबेगावात बिबट्यामुळे दिवसा विजेची मागणी होते, नारायणगावला टोमॅटोचा बाजार भरतो, सातगाव पठारावर बटाटा पिकतो. बाहेरच्या अभियंत्याला ठाऊक नसलेलं कितीतरी या मुलांना ठाऊक आहे. ऑनलाइन माध्यमाचं सामर्थ्य असं की हे जाणून घेण्याची गरज असलेला माणूस बंगळुरूत असला तरी अवसरीच्या वसतिगृहापर्यंत पोचू शकतो. महाविद्यालयांनी आपले माजी विद्यार्थी या कामी लावावेत. प्रकल्प समजून घ्यायला महिन्यातून अर्धा तास, आणि त्या वेळात व्याकरण सुधारायचं नाही.

यावर आक्षेप येईल की कंपनीची एचआर फेरी इतकी सहृदय नसते. खरं आहे. म्हणून मागणी कंपन्यांकडेही आहे: तांत्रिक पदाच्या मुलाखतीत पहिली दहा मिनिटं उमेदवाराच्या कामावर बोला, ओळख नंतर विचारा. उमेदवार अडखळला तर प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा मांडा. परदेशी ग्राहकाचा उच्चार कळला नाही तर तेच अधिकारी अदबीने ‘पार्डन?’ म्हणतात. आंबेगावच्या मुलाला त्यांनी तेवढंच म्हणावं.