हात गेला म्हणजे नेमके काय गेले?

जयपूरहून अजमेरकडे निघाले की साधारण तीस किलोमीटरवर बगरू लागते. इथले छिपा कारागीर हरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या पिवळसर कापडावर लाकडी ठसे उमटवतात. गंजके लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग होतो, तुरटीच्या आधाराने लाल धरतो. ठसा बोटांनी नेमक्या जागी बसवायचा आणि वरून मुठीचा ठोका द्यायचा. जागा केसभर चुकली तरी सगळी ओळ बिघडते.

अशा माणसाचा अंगठा तुटला, तर त्याचे किती गेले?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत याचे उत्तर आधीच छापलेले होते. तर्जनी गेली तर कमाईची शक्ती १४ टक्के घटली, अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, सबंध पंजा गेला तर ६०. ठसे मारणारा असो की दारावरचा पहारेकरी, आकडा तोच.

एकलव्याला हे कोष्टक लावून पाहावे. आदिपर्वातील नोंद चकित करणारी आहे: अंगठा दिल्यावरही तो उरलेल्या बोटांनी बाण सोडत राहिला, पण पहिली चपळाई राहिली नाही. महाभारतकाराने जखमेचे वर्णन करत बसण्याऐवजी हरवलेली गती टिपली. धनुर्धराची ती हानी ३० टक्के म्हणणे कुणाच्याही जिभेवर येणार नाही.

सांख्य तत्त्वज्ञांनी या प्रश्नाची गाठ फार पूर्वी नेमकी पकडली होती. त्यांच्या पाच कर्मेंद्रियांत हात आहे आणि त्याचे कार्य ग्रहण, म्हणजे घेणे-धरणे. इंद्रिय म्हणजे ती शक्ती. हाडामांसाचा अवयव हे तिचे केवळ राहण्याचे ठिकाण. न्यायवैद्यक तपासणीत डॉक्टर हे ठिकाण मोजतो: सांधा किती वाकतो, पकड किती उरली, हाड कुठे तुटले. ते मोजलेच पाहिजे. पण शक्ती कशासाठी वापरली जात होती, हे क्ष-किरणात दिसत नाही.

सुश्रुतानेही आपल्या संहितेत शरीरातल्या १०७ मर्मांची, म्हणजे नाजूक जागांची, विभागणी परिणामांवरून केली आहे. काही मर्मे तत्काळ प्राण घेणारी, काही कालांतराने. ४४ वैकल्य आणणारी, तर आठ केवळ वेदना देणारी. नुसत्या वेदनेलाही शल्यतंत्राच्या या ग्रंथाने स्वतंत्र घर दिले, याचे मोल मोठे आहे. १८६० च्या दंडसंहितेतही जबर दुखापतीची एक कसोटी अशीच होती: वीस दिवस तीव्र शारीरिक वेदना, किंवा तेवढे दिवस नेहमीचे व्यवहार करता न येणे. नव्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली.

भरपाईच्या बाबतीत न्यायालयांनी कोष्टकापलीकडे जाण्याचे धैर्य दाखवले. सिनेमागृहात नक्षीकाम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हे आंशिक अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. पुढे २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघात-भरपाईच्या निकालात तेच तत्त्व उलगडले. डावा हात गमावलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते. सरकारी कारकुनाची कदाचित मुळीच नाही. म्हणून न्यायाधिकरणाने आधी तो माणूस काय करत होता आणि आता काय करू शकतो, हे पाहावे.

हा विचार योग्य आहे. तरी त्यात एक अन्याय उरतो. कारकुनाचा पगार चालू राहिला म्हणून त्याचा हात शाबूत होत नाही. मूल उचलणे, जोडून नमस्कार करणे हेही ग्रहणशक्तीचेच व्यवहार. कमाईच्या हिशेबात ते येत नाहीत. वेदना आणि जगण्यातल्या सुखाची हानी यांसाठी मोटार अपघात-भरपाईत वेगळी रक्कम मागता येते. १९२३ च्या कायद्यात ती सोय नव्हती, आणि तो कायदा मालक-कामगार नात्यावर उभा असल्याने स्वतःच्या अंगणात स्वतःसाठी छापणारा छिपा त्याच्या कक्षेतच येत नव्हता. ही उणीव कायदेमंडळाने भरून काढायला हवी.

तोवर ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांनी टक्क्यांच्या दाखल्यावर थांबू नये. जखमी माणूस रोज हाताने कोणते काम करत होता, याचा पुरावा आणि सोबत्यांची साक्ष दाव्याला जोडावी. कामगार भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.