पुढचं येत नाही

वाईच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं संस्कृत शिकवलं. श्वेतकेतूची गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी वर्ग हसायचा. बारा वर्षं गुरूकडे राहून, सगळे वेद पाठ करून, नाक वर करून घरी आलेला चोवीस वर्षांचा मुलगा. बाप उद्दालक त्याला म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणतो, हं, म्हण आता ऋचा. आणि हा विद्वान म्हणतो, काहीच आठवत नाही. इथं पोरं खिदळायची. मीही.

गेल्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात, लेकीच्या गावी डँडेनॉन्गला, गाडीच्या मागच्या सीटवर, लेकीनं मला तेच उत्तर दिलं. मी म्हटलं होतं, "रामरक्षा म्हण मनात, बरं वाटेल." सहा वर्षांची असल्यापासून पाठ आहे तिला. तिनं सुरुवात केली, दुसऱ्या श्लोकाशी थांबली. "आई, पुढचं येत नाही."

तिकीट खरं तर डिसेंबरचं होतं, बाळंतपणासाठी. दहाव्या आठवड्यात जावयाचा फोन आला, "आई, लवकर येता का?" मी मोरावळा, आमसुलं, साळीच्या लाह्या बांधून निघाले. विमानतळावर सगळं दाखवल्यावर निम्मं तिथंच राहिलं. राहिलेलं फॉस्टर स्ट्रीटवर मिळालं. त्या रस्त्याला लिटिल इंडिया म्हणतात आणि तिथं लाह्यांपासून पूजेच्या कापरापर्यंत सगळं मिळतं. मिळून उपयोग काय? लाही जिभेवर ठेवली की उलटी. पाण्याचा घोट घेतला की उलटी. तोंडात सुटलेली लाळसुद्धा गिळवेना, म्हणून हातात सतत टॉवेल. फोडणीच्या वासानं ती कळवळायची, तेव्हा मी गॅरेजमध्ये विजेची शेगडी मांडली आणि कोट घालून तिथं भात शिजवायला लागले.

आणि तोंडानं काय म्हणत होते? "उलट्या कुणाला होत नाहीत? मलाही दोन महिने होत्या. मन घट्ट कर. भोग असतात, सरतात."

गाडीतल्या त्या रात्रीआधी ती एकदा इस्पितळात जाऊन आली होती. कुठल्या, ते नाव घेत नाही. चार तास बसवलं, लघवी तपासली, कीटोन फारसे नाहीत म्हणाले, एक गोळी दिली आणि घरी पाठवलं. गोळी पंधरा मिनिटांत बाहेर पडली. लघवीत कीटोन किती, यावरून शरीरातलं पाणी किती आटलंय ते ठरत नाही, असं लंडनच्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०२४च्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवलं आहे. हे मला नंतर कळलं. पण तेव्हा कळतं तरी मी मानलं असतं का, शंकाच आहे. मला मनातून बरंच वाटलं होतं. बघ, डॉक्टरही माझंच सांगतात.

त्या रात्री गाडीत "पुढचं येत नाही" ऐकलं आणि छांदोग्य उपनिषदातलं श्वेतकेतूचं ते प्रकरण मी पहिल्यांदा शिकले. उद्दालकाचं म्हणणं साधं आहे. खाल्लेल्या अन्नाचा स्थूल भाग बाहेर पडतो, मधल्याचं मांस होतं, सूक्ष्म भागाचं मन होतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, प्राण पाण्याचा. आम्ही मात्र मनाला घरमालक समजतो आणि शरीराला भाडेकरू. भाडेकरू आजारी पडला तर मालकानं धीर धरावा, अशी अपेक्षा. उद्दालकाच्या हिशेबात मालक भाडेकरूच्याच ताटात जेवतो. मग ज्या बाईच्या पोटात तीन आठवडे काही ठरलं नाही, तिनं मन घट्ट करायचं ते कुठल्या मनानं? भोग भोगायलाही भोक्ता जागेवर लागतो.

यावर माझाच एक आक्षेप आहे. मी संकष्टी धरते, एकादशी धरते. उपासानं डोकं हलकं होतं, हे मी कितीदा सांगितलंय. पण उपासाला चंद्रोदय असतो. कधी सोडायचा, हे धरणाऱ्याच्या हातात असतं. श्वेतकेतूलाही पाणी मोकळं होतं आणि सोळाव्या दिवशी "जेव आता" म्हणणारा बाप समोर बसला होता. तोच बाप उपाशी मुलाला म्हणाला असता, "चोवीस वर्षांचा घोडा झालास, जरा आठव," तर ते उपनिषद झालं नसतं. आमच्या घरात "पुरे" म्हणायचं काम माझं होतं. उपास आणि उपासमार यांतला फरक मुलांना समजावणारी मी.

त्याच रात्री, इस्पितळाच्या दुसऱ्या फेरीला, जावयानं कागदच लिहून नेला. वजन अठ्ठावन्नवरून बावन्न. शेवटची लघवी काल दुपारी. चोवीस तासांत मळमळ किती तास, उलट्या किती वेळा, कोरडे उमाळे किती वेळा, या तीन प्रश्नांचे गुण पंधरापैकी चौदा. तेरापासून पुढे गंभीर धरतात, आणि वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरणं हीसुद्धा गंभीर खूण. हिचं दहा टक्के उतरलं होतं. खिडकीतल्या नर्सनं जन्मतारीख विचारली. लेकीनं माझ्याकडे बघितलं. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. नर्सनं कागद वाचला आणि खुर्चीवर बसूच दिलं नाही, थेट खाट.

सलाइन लागली, त्यात पोटॅशियम. उलटीचं औषध गोळीऐवजी शिरेतून. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ग्लुकोज देण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ते संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, माणूस गोंधळतो, तोल जातो, आठवण जाते. मी रामरक्षेचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. तिच्या डोळ्यांची हालचाल तपासली, चालवून पाहिलं. तसं काही दिसत नाही, पण थायमिन आधीच देऊ, म्हणाल्या. उद्दालकानं विस्तवाची उपमा दिली आहे: मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा उरला तर त्यावर फार काही जळत नाही, गवत घालून तो पेटवावा लागतो. कुठलं गवत आधी घालायचं, ते त्याला सांगता आलं नसतं.

मग त्यांनी आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं. तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. मला राग आला, मी आई आहे. कॉफीच्या यंत्रापाशी उभी असताना उलगडलं की गरोदरपणातल्या या उलट्यांच्या आजारात हवंसं मूलही नको म्हणायची वेळ बायकांवर येते, आणि ते आईसमोर बोलता येत नाही. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

या आजाराच्या कारणाचंही सांगते. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये केंब्रिजचे स्टीफन ओ'राहिली, अमेरिकेतल्या मार्लेना फेझो आणि त्यांचे सहकारी यांचा शोधनिबंध आला. जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक गर्भाकडून आईच्या रक्तात येतं. गरोदरपणाआधी जिच्या रक्तात ते कमी, तिला त्याची सवय नसते आणि तिला जास्त त्रास होतो. थॅलेसेमियामुळे ज्यांच्यात ते आधीच भरपूर असतं, त्या बायकांना मळमळ कमी. फेझोबाईंना स्वतःलाच हा आजार झाला होता, १९९९ मध्ये त्यांचा गर्भ त्यातच गेला. विसाव्या शतकात डॉक्टरमंडळीच म्हणत, बाईला मूल नको असतं म्हणून उलट्या होतात. आम्ही म्हणतो, पूर्वजन्मीचं. हे संप्रेरक कर्मविपाकात बसवायला मी एक अख्खी रात्र खर्च केली. बसलं नाही, आणि मला फार हलकं वाटलं.

इस्पितळात सलाइनची दुसरी बाटली संपत आली तेव्हा लेक पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली. "आई, परत मन घट्ट कर म्हणालीस ना, तर तुला वाईला पाठवीन."

बरी वगैरे झाली नाही. अजून दोनदा दाखल करावं लागलं, विसाव्या आठवड्यापर्यंत औषधं घड्याळ लावून द्यावी लागली. मी एक वही केली. पूर्वी तीत सुभाषितं उतरवली असती. तिच्यातलं एक पान असं आहे: ९.४० औषध. १०.१० बर्फ, दोन चमचे, राहिला. १०.३५ बर्फ, दोन चमचे, राहिला. ११.०० खारा बटाटा, अर्धी चकती. ११.०५ गेला. ११.४० बर्फ, एक चमचा.